कार्तिकात न उतरलेला रंग

केसाला विचारावं, माणसाला विचारू नये, असं पद्माचं मत. माणूस खुर्चीत बसला की पहिलं वाक्य खोटं बोलतो. तीस वर्षांत खरं बोलणारी एकच बाई तिला भेटली होती, आणि ती मुकी होती.

"आधी काही लावलं होतं काय?"

"नाही काकू. कुच्छ भी नहीं. सिर्फ खोबऱ्याचं तेल."

हे बोलणारी हिमानी. त्याच गल्लीतल्या लीलाताईंची सून, जन्म काशीतलाच, अर्धी मराठी अर्ध्या हिंदीत भिजलेली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पद्मानं मानेमागून तिची चार केसांची बट कापली, दोऱ्यानं बांधली आणि रंगात कालवायच्या दुसऱ्या बाटलीतलं पाणी वाटीत ओतून त्यात सोडली. मिनिटभर काही झालं नाही. मग वाटी फसफसायला लागली, काडी विझवल्यासारखा वास सुटला आणि वाटी अशी तापली की पद्मानं ती पदरात धरून हिमानीच्या हातावर टेकवली.

"पाह्य. खोबऱ्याचं तेल असं उकळते काय वं?"

हिमानीनं हात झटकला. "वो... मामाकडे लग्न होतं. तेव्हा काली मेहंदी. एकच बार."

"एकच?"

"तीन."

"मंग आता सहा महिने थांब. डोक्याला रंग लावला असता तं या वाटीसारखं टाळकं पेटलं असतं तुझं. अन् नाव माझं झालं असतं."

अशी पद्मा. मंगला गौरीच्या देवळामागच्या गल्लीत खालच्या मजल्यावर तिची ती एक खोली. खिडकी गल्लीकडे, एवढीशी की बाहेर गाय उभी राहिली की दिवसा दिवा लावावा लागे. एक खुर्ची, एक आरसा, भिंतीला मीठ फुटलेलं. पाटी नाही. पाटी लावली की कोणीही येतं, आणि कोणीही आलेलं पद्माला चालत नसे. पंचगंगा घाटापासून संकठा घाटापर्यंतच्या मराठी घरांतल्या बायका "काय करतेस गं?" असं विचारत शिरत, आणि दोन तासांनी डोक्याला पदर घेऊन, आसपास बघत निघून जात. सासूला कळू नये म्हणून सून दुपारी येई. सुनेला कळू नये म्हणून सासू सकाळी. पद्मा दोघींचं गुपित सांभाळी आणि दोघींवर विश्वास ठेवत नसे.

ती मूळची अकोटची. लग्न होऊन काशीत आली. नवरा दत्तात्रेय रेल्वेत होता, आता रिटायर. एकतीस वर्षांत तिच्या बोलण्यात बनारस शिरलं होतं, पण राग आला किंवा भीती वाटली की वऱ्हाड जसंच्या तसं वर येई. संशय मात्र माहेरून आणलेला नव्हता, तो तिनं इथंच कमावला. सुरुवातीला ती काशीतल्याच लंका वस्तीतल्या एका पार्लरात मदतनीस होती. तिथं एका मास्तरीणबाईला घाईघाईत रंग लावला गेला. आधी कानामागं ठिपका लावून पाहायचा असतो, तो मालकिणीनं लावला असं सांगितलं होतं, आणि पद्मानं ते ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईचं तोंड पुरीसारखं फुगलं, डोळे मिटले. मालकिणीनं बोट दाखवलं ते पद्माकडं. त्या दिवसापासून सांगितलेलं ऐकणं पद्मानं सोडलं.

आता तिचे नियम दगडासारखे. दोन दिवस आधी यायचं. कानामागं आणि कोपराच्या आत रंगाचा एकेक ठिपका. खाजलं, लाल झालं तर घरी. "नाही खाजलं," असं तोंडी सांगून भागत नसे, कान वळवून दाखवावा लागे. आदल्या दिवशी डोकं धुवायचं नाही, डोक्याचं आपलं तेलच कातडीला सांभाळतं. पण वरून तेल चोपडून यायचंही नाही, रंग बसत नाही. मेंदी, काळी मेंदी, वाण्याकडची कुठलीही 'जादू' लावली असेल तर कबूल करायचं, आणि कबूल केलं तरी बट वाटीत जाणारच. मग कपाळाच्या, कानांच्या कडेनं व्हॅसलीन, गळ्याला जुना पंचा, आणि घड्याळ समोर. पाच मिनिटं जास्त नाही, पाच कमी नाही.

रंग झाल्यावर तर अजून कडक. तीन दिवस डोक्याला पाणी नाही. मग आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, ते गारच पाण्यानं. शिकेकाई-रिठा चांगलाच, पण रंग ओरबाडून काढतो, तो बंद. फेस कमी असलेला शांपू, तो मुळांना. टोकांना मऊ करणारं क्रीम. केस चोळून पुसायचे नाहीत, जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबायचे. उन्हात पदर. सांगून झालं की ती प्रत्येकीला विचारी, "आता तुम्ही सांगा, मी काय म्हणलं?" आणि उत्तर ऐकून घेई, परीक्षेतल्यासारखं.

दत्तात्रेय वरच्या मजल्यावरून म्हणत, "ही देवळात घंटा वाजवते ना, ती देव जागा आहे का बघायला."

स्वतःच्या केसांना तिनं कधी रंग लावला नव्हता. छप्पन्नाव्या वर्षी डोकं कापसासारखं. लावणार तरी कोणाच्या हातून?

या सगळ्यात तिचं एक माणूस असं होतं, ज्याच्यापाशी तिचा संशय थोडा सैल पडे. लीलाताई. वय त्रेसष्ट, शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या. पद्मा नवी नवरी म्हणून आली तेव्हा गल्लीतल्या गायीला घाबरून दारात रडत उभी होती. लीलाताईंनी हात धरून तिला पार नेलं. तेव्हापासूनचं हे नातं. लीलाताईंचे यजमान नरहरशास्त्री असेपर्यंत ताईंच्या केसांना साधं सुगंधी तेलही वर्ज्य होतं. शास्त्री जाऊन सहा वर्षं झाली. यंदा कोजागिरीच्या आधी लीलाताई खिडकीशी आल्या, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "पद्मे, माझं डोकं रंगवशील का गं? कोजागिरीला महाराष्ट्र मंडळात माझं गाणं आहे."

"ताई, कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तुमचं कार्तिकस्नान सुरू होते. महिनाभर पहाटे गंगेत. रंग टिकन काय? महिना झाला की या."

"तेव्हा गाणं नसेल ना."

"मंग केस बांधून गळ्यापर्यंत न्हाजा. केसाला गंगा लागली नाही पायजे. ते पाणी वाळूचं, गाळाचं. आठ दिवसांत चहाच्या फडक्यावानी होतीन."

"नाही लागू देणार. तू काय म्हटलंस ते परत म्हणून दाखवू?"

आणि त्यांनी खरोखर सगळे नियम क्रमानं म्हणून दाखवले.

तो रंग पद्माच्या हातचा सगळ्यात चांगला उतरला. काळा नाही, काळा त्या वयाच्या तोंडावर टोपीसारखा बसतो. कत्थई, आत जरासा तांब्याचा. लीलाताईंनी आरशात पाहिलं, मान इकडून तिकडे वळवली. मग हळूच म्हणाल्या, "ही कोण गं?"

इथवर सगळं ठीक होतं. कोजागिरीच्या रात्री आटवलेलं दूध पिताना मात्र पद्माचा फोन वाजला. ईशानीचा, नागपूरहून.

ईशानी तिची एकुलती एक. दोन वेळा पोट रिकामं झालेलं. आता तिसऱ्यांदा, सातवा संपत आलेला. डॉक्टरांनी प्रवास बंद केला होता. पद्मानं केव्हाच पिशवी भरली होती, पण पोरीनं स्पष्ट सांगितलं होतं, "आई, तू त्रिपुरी पौर्णिमेनंतर ये. तू आत्ता आलीस तर दर तासाला विचारशील, हललं का, हललं का. डॉक्टरचं खरं का, गोळी खरी का. मला भीती वाटते गं तुझ्या विचारण्याची." पद्मानं ते ऐकलं, पिशवी पलंगाखाली सरकवली, आणि दोन दिवस जेवली नाही.

कोजागिरीला फोनवर ईशानी एवढंच म्हणाली की पाय सुजलेत. पद्मानं दुधाचा पेला खाली ठेवला. लीलाताई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी तो पुन्हा तिच्या हातात दिला.

"मी उद्यापासून नहातेच आहे. ह्या वर्षीचा कार्तिक ईशानीच्या नावानं. रोज पाच बुड्या, डोक्यावरून, तिचं नाव घेऊन."

"मले नाही भरवसा असल्या गोष्टींवर," पद्मा म्हणाली.

"तुला भरवसा कशावर आहे? मी घेते ना. तू तर नदीत घोट्यापलीकडे जात नाहीस."

खरं होतं. एकतीस वर्षं गंगेच्या काठावर काढून पद्मा घोट्यापलीकडे उतरली नव्हती. पाण्याखालची पायरी दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या पायरीवर पाय कोण ठेवेल? शिवाय रंगांच्या रसायनांनी तिच्या बोटांना भेगा होत्या. गार पाण्यात त्या मिरच्यांसारख्या झोंबत.

दुसऱ्या दिवसापासून रोज साडेचारला खिडकीखाली चपला वाजत आणि हाक येई, "पद्मे, निघाले गं!" पद्मा अंथरुणात जागीच असे. हाक आली की ती कूस वळे आणि तिला झोप लागे. भरवसा नाही म्हणाली होती, पण वीस दिवस ती त्या हाकेवर झोपत होती, हे तिनं दत्तात्रेयांनाही सांगितलं नाही.

भाऊबीज होऊन चार दिवस झाले होते. लीलाताई दुपारी आल्या. "कानशिलाजवळ पांढरं दिसायला लागलं गं. तेवढंच लाव."

त्यांनी डोक्याचा पंचा सोडला आणि पद्माचे हात थांबले.

केस जसेच्या तसे. कत्थई, आत तांबं, वर चमक. तिनं बट बोटांत घेतली. गंगेत रोज पाच बुड्या मारलेला केस कसा लागतो ते तिला ठाऊक होतं. घाटावरच्या तीन बायका तिच्याकडं येत, त्यांचे केस सुतळीसारखे, बोटांत कुरकुरणारे, वास घ्यावा तर ओल्या मातीचा. हा केस बोटातून निसटत होता. वास फक्त क्रीमचा.

"रंग चांगला राहिला, ताई."

"तुझी कृपा," लीलाताई आरशात स्वतःकडं बघत म्हणाल्या.

मग पद्माला कपाळावरची रेघ दिसली. केसांच्या कडेनं, कानावरून कानावर, बारीक चुणीचुणीची रेघ. रबराची. ही रेघ तिला ओळखीची होती. मोठ्या पार्लरांत डोक्याला वाफ देतात, त्याच्या टोपीची अशीच उमटते.

म्हणजे ताई दुसरीकडं जाताहेत. सिगऱ्याकडं, शहराच्या नव्या भागात, काचेच्या दारांची पार्लरं झाली आहेत. तिथं क्रीम लावून घेतात, वाफ घेतात, आणि पांढऱ्या कानशिलापुरतं इथं येतात, जुनी ओळख म्हणून. बाकी कोणी गेली असती तर तिनं दार लावून शिवी दिली असती. पण ही?

पंचा बांधून लीलाताई गेल्या. रंगाची वाटी धुताना पद्माच्या मनात दुसरी गोष्ट आली आणि पहिली अगदी क्षुल्लक वाटली. पार्लर असो की नसो, त्या डोक्याला गंगा लागलेली नाही. वीस दिवसांच्या शंभर बुड्या. त्यातली एकसुद्धा नाही.

मग रोज साडेचारला जातात कुठं?

संध्याकाळी हिमानी भाजी घेऊन जाताना खिडकीत आली तेव्हा पद्मानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "ताई किती वाजता येतात वं घाटावरून?"

"छह बजे. क्यों काकू?"

"केस ओले असतात?"

"पता नहीं. डोक्याला पंचा घट्ट बांधलेला असतो. खोलीत जातात, दार लावतात. आणि काकू, एक बताऊँ? आजकल आई आरशाच्या सामने खूप वेळ बसतात." हिमानी हसली. "इस उमर में!"

"दार लावतात," पद्मा म्हणाली.

तिनं ईशानीला फोन केला. मग पुन्हा केला. तिसऱ्यांदा ईशानी वैतागली.

"आई, तेच तेच काय? हालचाल आहे. आज बीपी जरा वाढलंय, एवढंच. डॉक्टर बघताहेत."

"किती वाढलं? कोणी मोजलं? ते यंत्र बरोबर आहे काय?"

"आई!" आणि फोन बंद.

पद्मा खुर्चीत बसली, गिऱ्हाइकाच्या. वीस दिवस ती ज्या हाकेवर झोपली ती हाक खोटी होती. इकडं बुडी नाही, आणि तिकडं बीपी वाढलं. भरवसा नव्हता म्हणे! नसता तर तीनदा फोन कशाला लावला असता? ताईंना विचारता आलं असतं, दहा पावलांवर घर. पण केसाला विचारून झालं होतं, आणि आता माणसाला विचारायची तिला भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी साडेचारला हाक आली. "पद्मे, निघाले गं!" आज ती नेसून दाराआड उभी होती. चपला दूर गेल्या तशी ती बाहेर पडली. गल्लीच्या फरशीला दव होतं. पुढं लीलाताईंची पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. पद्माला वाटलं होतं, पहिल्या वळणावर त्या उजवीकडं रस्त्याच्या बाजूला वळतील. त्या वळल्या नाहीत. सरळ पंचगंगेच्या पायऱ्यांकडं.

घाटावर कार्तिकाचे आकाशदिवे बांबूंवर चढलेले होते, टोपल्यांतून पिवळे ठिपके. खाली पुराचा गाळ अजून कडेला रचून ठेवलेला. पंधरावीस बायका न्हात होत्या, कोणी पुटपुटत, कोणी सुनेच्या चहाड्या सांगत. पद्मा एका बुरुजाला टेकून उभी राहिली.

लीलाताई सगळ्यांपासून लांब, कडेच्या पायरीवर बसल्या. चोरासारखं मागं पाहिलं. पिशवीतून काहीतरी काढलं आणि दोन्ही हातांनी डोक्यावर ओढलं, कानांपर्यंत, कपाळापर्यंत. दिव्यात ते चमकलं. पारदर्शक प्लास्टिकची टोपी, आंघोळीला घालतात ती. तिच्यावरून पदर घट्ट गुंडाळला. मग उतरल्या, गळ्यापर्यंत गेल्या, नाक धरलं.

"ईशानी," असं पद्माला स्पष्ट ऐकू आलं. बुडी. वर येऊन पुन्हा, "ईशानी." बुडी.

पाच झाल्या तेव्हा पद्मा शेवटच्या कोरड्या पायरीवर येऊन उभी होती.

"ताई, हे काय वो डोक्यावर?"

लीलाताई पाण्यातच गर्रकन वळल्या. "अगं बाई! पद्मे! तू कशी?"

"मले वाटलं तुम्ही सिगऱ्याच्या पार्लरात जाता."

"पहाटे पाचला?" लीलाताईंना हसू फुटलं. पद्मा हसली नाही तशी ते विझलं. त्या पायरीवर येऊन बसल्या, निथळत. टोपीवरून पाणी ओघळत होतं, आत केस कोरडे.

"पहिल्या दिवशी तशीच बुडी घेतली गं. उघड्या डोक्यानं. घरी आले, पंच्यानं डोकं पुसलं आणि पंचा सगळा तपकिरी. मी खोलीचं दार लावून रडले. ईशानीसाठी नाही, खोटं कशाला बोलू. केसांसाठी." त्यांनी तोंडावरचं पाणी निपटलं. "त्रेसष्ट वर्षांत पहिल्यांदा मला मी आवडले होते. आणि तूच म्हणालीस, केसाला गंगा लागली नाही पाहिजे."

"ते कोजागिरीच्या आधी म्हणलं होतं. मंग तुम्ही पाच बुड्या म्हणल्या, डोक्यावरून."

"बुडते ना मी. अंगाला पाणी लागतं, तोंडाला लागतं. शास्त्रात कंठस्नानही आहे. डोकं तेवढं..."

"डोक्याला नाही लागलं ते बुडी कायची, ताई? मले काऊन नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू दुसरी कोणी नेमली असतीस," लीलाताई म्हणाल्या, आता त्यांचाही आवाज चढला. "आणि तिच्यामागेही अशीच पाळत ठेवत आली असतीस. वीस दिवस थंडीत उतरतेय मी. एकदा तरी विचारलंस, ताई, गार लागतं का?"

पद्मा म्हणाली, "पोरीचं बीपी वाढलंय. काल."

लीलाताईंचं तोंड उतरलं. त्यांनी दोन्ही हात टोपीला घातले आणि ती खसकन ओढून काढली. केस खांद्यावर सुटले. आकाशदिव्यांच्या उजेडात तो कत्थई रंग, आतलं तांबं. त्या उठल्या आणि पाण्याकडं निघाल्या.

"आत्ता घेते. पाच कशाला, पन्नास घेते."

पद्मानं त्यांचा दंड धरला.

"थांबा."

"सोड. जाऊ दे रंग."

"रंगाचं नाही म्हणत मी." पद्मा त्या केसांकडं बघत होती. असं काम पुन्हा हातून होईल की नाही, कोणास ठाऊक. पण तिच्या डोक्यात ते नव्हतं, उद्याचं होतं. "तुम्ही उघड्या डोक्यानं घेतली तरी मी उद्या पुन्हा दाराआड उभी राहीन. परवा बी. पौर्णिमेपर्यंत. मले माहीत आहे माझं. पोरीनं उगीच नाही येऊ नको म्हणलं." तिनं चपला काढल्या. "माझ्या पोरीच्या नावाची मीच घेते."

"तू? तुला खालची पायरी ठाऊक नाही."

"तुमाले ठाऊक आहे ना?"

लीलाताईंनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग केसांची घट्ट गाठ मारली, हात पुढं केला आणि आधी स्वतः उतरल्या. "इथं शेवाळ आहे, टाच टेक. ही मोठी. आता अर्धी."

पाणी घोट्यावर आलं, मग पोटरीवर, मग मांडीवर. बोटांच्या भेगांत पाणी शिरलं तशी पद्मा "माय वं" म्हणून ओरडली. शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. कंबर. छाती. पायाखालची पायरी तिला दिसत नव्हती, आणि ज्या बाईनं वीस दिवस तिला फसवलं तिच्याच हातात तिचा हात होता.

"सोडणार नाही ना?"

"नाही गं."

"खरंच?"

"पद्मे, बुड!"

ती बुडली. कानांत एकदम भरून आलं, डोळ्यांपुढं काळं. खाली कोणाला काही विचारता येत नव्हतं. ती वर आली ती तोंडातलं पाणी थुंकत, ठसकत, पांढरे केस कपाळाला चिकटलेले.

"मधी हात सोडला होता तुम्ही!"

"क्षणभरच. माझा पदर वाहत चालला होता."

"म्हणजे मी खाली एकटीच होती?"

"होतीस. वर आलीस की नाही?"

पद्मानं श्वास घेतला. बोटं जळत होती. पलीकडच्या बायका आता उघड हसत होत्या, आणि एकजण म्हणाली, "आज तो पार्लरवाली भी उतर गई."

"ही बुडी धराची नाही," पद्मा म्हणाली. "नाव घ्याचं बी राहिलं. पहिल्यापासून."

लीलाताईंनी या वेळी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "आणि नाव मोठ्यानं घे. मला ऐकू आलं पाहिजे. माझाही आता तुझ्यावर भरवसा नाही."

"ईशानी!" पद्मा ओरडली, एवढ्यानं की वरच्या पायरीवरची कबुतरं उडाली, आणि नाक धरून खाली गेली.